राणीखेत विषाणूची आवरण-प्रथिने आणि पेशीमृत्यू

राणीखेत रोग हा कोंबड्यांना व इतर अनेक पक्ष्यांना होणारा अत्यंत सांसर्गिक विषाणुजन्य रोग आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तो मानमोडी या नावाने ओळखला जातो. आंतरराष्ट्रीय ग्रंथांत त्यास न्यूकॅसल रोग म्हणतात. या रोगाच्या विषाणूभोवती मेदाचे आवरण असते आणि त्या आवरणात एचएन व एफ ही दोन प्रथिने रोवलेली असतात. त्यांच्या साहाय्याने विषाणू पेशीला चिकटतो व तिच्या आत शिरतो. संसर्ग झालेल्या पेशीत हीच प्रथिने मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली की ती पेशीला नियोजित पेशीमृत्यूकडे म्हणजेच अपोप्टोसिसकडे ढकलतात.

लसीकरणानंतर कोंबडीच्या शरीरात तयार होणारी संरक्षक प्रतिपिंडे प्रामुख्याने याच दोन प्रथिनांविरुद्ध असतात. पेशीचा घात करणारे व पक्ष्याला संरक्षण मिळवून देणारे प्रथिन असे एकच असल्यामुळे त्याच्या कार्यपद्धतीचा अभ्यास रोगविज्ञान व लसनिर्मिती या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा ठरतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर यांसारख्या कुक्कुटपालन करणाऱ्या तालुक्यांत या अभ्यासाचा संबंध थेट शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी येतो.

## नाव आणि इतिहास

या रोगाची पहिली निश्चित नोंद १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या शहरात झाली. त्यानंतर थोड्याच काळात, १९२७-२८ च्या सुमारास, हिमालयाच्या कुमाऊँ भागातील राणीखेत येथे तो आढळला. भारतात रोगाला या गावाचे नाव मिळाले व तेच रूढ झाले. मानमोडी हे मराठी नाव लक्षणावरून पडले आहे. विषाणू मज्जासंस्थेत पोहोचला की पक्ष्याची मान एका बाजूला पिळवटली जाते किंवा पाठीकडे वळते. १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात मानमोडी म्हणत असत. मात्र त्या साथीचा व कोंबड्यांच्या या रोगाचा काही संबंध नाही.

भारतातील लसीचा इतिहास मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेशी जोडलेला आहे. तेथे १९४० च्या दशकात विषाणूचा एक वाण कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांतून वारंवार वाढवून सौम्य करण्यात आला. आर-टू-बी किंवा मुक्तेश्वर वाण या नावाने तो आजही लसीत वापरला जातो.

## विषाणूची रचना

राणीखेत विषाणू पॅरामिक्सोव्हायरस कुलातील आहे. त्याचे जनुकीय द्रव्य म्हणजे रायबोन्यूक्लिइक आम्लाचा (आरएनएचा) एकच धागा असून त्याची लांबी साधारणपणे १५,१८६ न्यूक्लिओटाइड एवढी असते. त्यावर सहा जनुके असतात. त्यांपैकी चार जनुकांची प्रथिने विषाणूच्या आतील भागाशी व जनुकीय द्रव्याच्या प्रतिकृतीशी संबंधित आहेत. उरलेली दोन जनुके आवरण-प्रथिनांची आहेत.

विषाणूचे आवरण त्याचे स्वतःचे नसते. नवा विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीपटलाचा तुकडा अंगावर घेऊन निघतो आणि त्या तुकड्यात आपली प्रथिने बसवून घेतो. आवरण मेदाचे असल्यामुळे साबण, जंतुनाशके व उष्णता यांनी ते लवकर नष्ट होते आणि आवरण गेले की विषाणू पेशीत शिरू शकत नाही. शेडच्या दाराशी पाय बुडवण्यासाठी ठेवलेले जंतुनाशकाचे पाणी हे या गुणधर्मावरच आधारलेले असते.

### एचएन प्रथिन

एचएन प्रथिन दोन कामे करते. पेशीच्या पृष्ठभागावरील साखळ्यांच्या टोकाशी असलेल्या सायॅलिक आम्लाला पकडून ते विषाणूला पेशीवर स्थिर करते. नवे विषाणू बाहेर पडताना मात्र तेच प्रथिन विकर म्हणून काम करून हे सायॅलिक आम्ल तोडते व विषाणूंना मोकळे करते. हे प्रथिन कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींनाही एकमेकींशी जोडते. प्रयोगशाळेतील एक जुनी व स्वस्त चाचणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

### एफ प्रथिन

एफ प्रथिन विषाणूचे आवरण व पेशीपटल यांना एकरूप करते. ते प्रथम एफ-शून्य या निष्क्रिय रूपात तयार होते. पेशीतील एखाद्या विकराने ठरावीक जागी कापल्यावर त्याचे एफ-१ व एफ-२ असे दोन भाग होतात. ते परस्परांशी जोडलेलेच राहतात. या कापणीनंतरच एफ-१ चे टोक पेशीपटलात शिरण्यास समर्थ होते. एचएन पेशीला चिकटले की ते एफ प्रथिनाला चालना देते. त्यामुळे पटलांच्या एकीकरणास साधारणतः दोन्ही प्रथिने लागतात.

## नियोजित पेशीमृत्यू

पेशी दोन प्रकारे मरू शकते. जखम, विष किंवा उष्णता यांमुळे ती फुटून मरते तेव्हा तिच्यातील द्रव्य बाहेर सांडते व आजूबाजूला दाह निर्माण होतो. दुसऱ्या प्रकारात पेशी स्वतःच्याच यंत्रणेने आपले विघटन करते. ती आकसते, केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात, पेशीपटलाला फुगवटे येतात आणि शेवटी पटलाने वेढलेल्या लहान पुटिका उरतात. आजूबाजूच्या भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. जॉन केर, अँड्र्यू वायली व अलास्टेअर करी यांनी १९७२ मध्ये या प्रक्रियेला अपोप्टोसिस हे नाव दिले. झाडाची पाने गळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. या प्रक्रियेच्या जनुकीय नियंत्रणासंबंधीच्या संशोधनासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ व जॉन सल्स्टन यांना २००२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विघटनाचे प्रत्यक्ष काम कॅस्पेज नावाची विकरे करतात. ती पेशीत निष्क्रिय स्वरूपात सदैव असतात आणि दोन मार्गांनी जागृत होतात. आंतरिक मार्गात तंतुकणिकांच्या बाह्यपटलाला छिद्रे पडून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येते व कॅस्पेज-९ सक्रिय होते. बाह्य मार्गात पेशीच्या पृष्ठभागावरील मृत्युग्राहीला बाहेरून संदेश मिळतो आणि कॅस्पेज-८ सक्रिय होते. दोन्ही मार्ग पुढे कॅस्पेज-३ पाशी एकत्र येतात. त्यानंतर सहसा पेशीला माघारी फिरता येत नाही.

## आवरण-प्रथिनांमुळे पेशीमृत्यू घडण्याचे मार्ग

### आंतर्द्रव्यजालिकेवरील ताण

एचएन व एफ ही दोन्ही प्रथिने शर्करेच्या साखळ्या जोडलेली ग्लायकोप्रथिने आहेत. ती पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत तयार होतात, तेथेच त्यांना योग्य घडी पडते आणि गॉल्जी पिंडामार्गे ती पेशीपटलाकडे जातात. विषाणूने पेशीचा ताबा घेतल्यावर या प्रथिनांचा पुरवठा इतका वाढतो की घडी घालणारी यंत्रणा अपुरी पडते व अर्धवट घडीची प्रथिने साचू लागतात. पेशी याला प्रतिसाद देते. पर्क नावाचे संवेदक प्रथिन नव्या प्रथिनांची निर्मिती मंदावते. ताण तात्पुरता असेल तर पेशी सावरते. तो टिकून राहिला तर चॉप नावाचे प्रथिन वाढते, पेशीला जिवंत ठेवणारी बीसीएल-२ सारखी प्रथिने घटतात आणि पेशी मृत्यूच्या मार्गाला लागते.

### तंतुकणिकांचा मार्ग

राणीखेत विषाणूच्या बाबतीत हा मार्ग प्रमुख मानला जातो. संसर्ग झालेल्या पेशींत तंतुकणिकांच्या पटलावरील विद्युतभार कोसळतो, सायटोक्रोम-सी पेशीद्रवात उतरते आणि कॅस्पेज-९ व कॅस्पेज-३ सक्रिय होतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा विषाणू कर्करोगाच्या पेशी आंतरिक व बाह्य अशा दोन्ही मार्गांनी मारतो व त्यासाठी पेशीतील पी-५३ या प्रथिनाची आवश्यकता नसते, असे दिसून आले. या मार्गावर आवरण-प्रथिने एकटी नसतात. आवरणाच्या आतील बाजूस असणारे एम प्रथिनही बॅक्स या मृत्युकारक प्रथिनाशी जोडले जाते.

### बाह्य मार्ग

संसर्ग झालेल्या पेशी ट्रेल नावाचे संदेशप्रथिन तयार करतात. ते स्वतःच्या किंवा शेजारच्या पेशीवरील मृत्युग्राहीला चिकटते. मानवी रक्तातील पांढऱ्या पेशींवर झालेल्या एका प्रयोगात एचएन प्रथिनामुळे इंटरफेरॉन व ट्रेल यांची निर्मिती वाढली, मात्र एफ प्रथिनामुळे ती वाढली नाही. दोन आवरण-प्रथिनांच्या कार्यातील फरक यावरून स्पष्ट होतो.

### पेशींचे एकत्रीकरण

पेशीपटलावर पोहोचलेली एचएन व एफ प्रथिने विषाणूच्या अंगावर चढण्याची वाट पाहत असतानाच शेजारच्या निरोगी पेशीलाही पकडू शकतात. तसे झाल्यास दोन पेशींची पटले एकरूप होतात आणि अनेक केंद्रके असलेली एक मोठी पेशी तयार होते. अशी पेशी फार काळ जगत नाही. या पद्धतीने विषाणू बाहेर न पडता, म्हणजेच प्रतिपिंडांच्या तावडीत न सापडता, एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरतो.

## प्रायोगिक पुरावे

संसर्गामुळे पेशी मरते हे सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसते; पण विषाणूचे नेमके कोणते प्रथिन त्यास कारणीभूत आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकेक जनुक वेगळे काढून पेशीत घालावे लागते. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ एचएन प्रथिनाचे जनुक कोंबडीच्या गर्भपेशींत घातले. संपूर्ण विषाणू उपस्थित नसतानाही त्या पेशींत तंतुकणिकांवरील विद्युतभार घटला, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला आणि कॅस्पेज-८, ९ व ३ यांची पातळी वाढली. एचएन हे एकटे प्रथिनही पेशीमृत्यू सुरू करण्यास पुरेसे आहे, असा याचा अर्थ होतो.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशी वापरल्या होत्या. पेशीमृत्यू घडण्यासाठी विषाणूची वाढ होणे व नवी प्रथिने तयार होणे आवश्यक असल्याचे त्यात आढळले. नुसता विषाणू बाहेरून चिकटल्याने पेशी मरत नाही. पेशीच्या आत प्रथिनांची निर्मिती सुरू व्हावी लागते.

या प्रयोगांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. जनुक कृत्रिमरीत्या पेशीत घातल्यावर तयार होणारे प्रथिनाचे प्रमाण व नैसर्गिक संसर्गातील प्रमाण सारखे नसते. शिवाय नैसर्गिक संसर्गात विषाणूची इतर प्रथिनेही कार्यरत असतात व त्यांपैकी काहींचा परिणाम उलट दिशेने होतो.

## पेशीमृत्यूचा लाभ

संसर्ग झालेली पेशी वेळीच मेली तर विषाणूची वाढ अपुरी राहते. या दृष्टीने पेशीमृत्यू हे पक्ष्याच्या शरीराचे संरक्षण आहे. राणीखेत विषाणूचे व्ही प्रथिन इंटरफेरॉनला अडथळा करते व पेशीचा मृत्यू लांबवते. त्यामुळे विषाणूला वाढीस अवधी मिळतो. पुरेसे विषाणू तयार झाल्यानंतर मात्र पेशीचा मृत्यू विषाणूच्याच पथ्यावर पडतो. मृत पेशीच्या पुटिकांतून तो भक्षक पेशींपर्यंत पोहोचतो आणि दाह कमी असल्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेला उशिरा जाग येते. पेशी मरते की नाही यापेक्षा ती केव्हा मरते, यावर संसर्गाची दिशा बरीचशी अवलंबून असते.

## कापणीची जागा आणि रोगाची तीव्रता

राणीखेत विषाणूचे सौम्य, मध्यम व तीव्र असे तीन प्रकार केले जातात. या वर्गवारीचा मुख्य आधार एफ प्रथिनातील कापणीच्या जागेची रचना हा आहे. तीव्र वाणांत ११३ ते ११६ या क्रमांकांच्या जागी आर्जिनिन व लायसिन ही किमान तीन आम्लारिधर्मी ॲमिनो आम्ले असतात आणि ११७ व्या जागी फेनिलॲलनिन असते. हा क्रम फ्युरिन नावाच्या विकराला कापता येतो. फ्युरिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत असल्यामुळे असा विषाणू मेंदू, प्लीहा, आतडे, फुफ्फुस अशा कोणत्याही अवयवात वाढू शकतो.

सौम्य वाणांत आम्लारिधर्मी ॲमिनो आम्ले कमी असतात व ११७ व्या जागी ल्यूसिन असते. हे एफ प्रथिन ट्रिप्सिनसारख्या विकरांनाच कापता येते आणि ती विकरे मुख्यतः श्वसनमार्ग व आतडे येथे असतात. विषाणूची वाढ तेवढ्याच भागात मर्यादित राहते. कोंबडीला किरकोळ सर्दी होते आणि प्रतिकारशक्ती मात्र तयार होते. लासोटा व एफ या नावांच्या लशी अशा वाणांपासून बनवलेल्या आहेत. येथील एफ हे वाणाचे नाव आहे. एफ प्रथिनाशी त्याचा संबंध नाही.

हा फरक किती निर्णायक आहे, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. संशोधकांनी लासोटा वाणातील केवळ कापणीच्या जागेची ॲमिनो आम्ले बदलली. एक दिवसाच्या पिलांच्या मेंदूत विषाणू टोचून काढला जाणारा रोगकारकता निर्देशांक त्यामुळे ०.०० वरून १.२८ वर गेला. या निर्देशांकाची कमाल मर्यादा २ आहे आणि ०.७ किंवा त्याहून अधिक मूल्य आले की विषाणू आंतरराष्ट्रीय निकषानुसार रोगकारक ठरतो. अर्थात नैसर्गिक तीव्र वाणांचा निर्देशांक याहूनही अधिक असू शकतो. त्यामुळे एचएन व इतर प्रथिनांचाही रोगाच्या तीव्रतेत वाटा असल्याचे मानले जाते.

## कोंबडीच्या शरीरावरील परिणाम

संसर्गानंतर बहुधा ५ ते ६ दिवसांत लक्षणे दिसू लागतात. हा काळ २ ते १५ दिवस असू शकतो. पक्षी खाणे सोडतात, चोच उघडून श्वास घेतात, हिरवट पातळ विष्ठा टाकतात आणि पंख व पाय लुळे पडतात. अंड्यांवरील कोंबड्यांचे उत्पादन एकदम घटते व मऊ कवचाची अंडी येतात. लस न दिलेल्या कळपात तीव्र वाणामुळे मरतुक १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

शवविच्छेदनात ग्रंथिल जठर व आतड्यांत रक्तस्राव आढळतो. प्लीहा, थायमस व बर्सा या अवयवांतील लसीका पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या दिसतात आणि त्यांत नियोजित पेशीमृत्यूच्या खुणा आढळतात. या पेशी प्रतिकारशक्तीच्या असल्यामुळे त्यांच्या नाशाने पक्षी इतर जीवाणूंच्या संसर्गालाही बळी पडतो. माणसाला या विषाणूपासून क्वचित डोळे येण्याचा त्रास होतो व तो आपोआप बरा होतो.

## बारामती व इंदापूर परिसर

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील लगतचे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. नीरा नदीचे कालवे व उजनी जलाशय यांच्यामुळे या भागात ऊस, मका व फळबागा वाढल्या. मात्र पाण्याची उपलब्धता सर्वत्र सारखी नाही. अशा ठिकाणी दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हे शेतीला पूरक उत्पन्नाचे साधन ठरतात. परसातील गावरान कोंबड्यांपासून हजारो पक्ष्यांच्या ब्रॉयलर शेडपर्यंत सर्व प्रकारचे पालन येथे आढळते. पुणे शहर हे देशातील कुक्कुटव्यवसायाचे एक जुने केंद्र आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये तेथे वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अस्तित्वात आली.

ब्रॉयलरपालनात करार पद्धत प्रचलित आहे. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य व औषधे पुरवते. शेतकरी शेड, तूस, वीज, पाणी व मजुरी यांचा खर्च उचलतो आणि पक्षी वजनावर आल्यानंतर त्याला मोबदला मिळतो. हा मोबदला मरतुकीचे प्रमाण व खाद्याचा वापर यांवर अवलंबून असतो. सहा आठवड्यांच्या आत संपणाऱ्या बॅचमध्ये रोग शिरला तर नुकसान भरून काढायला वेळ उरत नाही. गावरान कोंबड्यांच्या बाबतीत नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. त्या बहुधा घरातील स्त्रियांच्या मालकीच्या असतात व अंडी-कोंबड्यांची विक्री हा त्यांच्या हातातील रोख पैसा असतो. या कोंबड्यांना लस नियमितपणे मिळतेच असे नाही.

या भागातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उष्णतेचा ताण पक्ष्यांची प्रतिकारशक्ती कमी करतो आणि लसीतील जिवंत विषाणूचे आवरणही नष्ट करतो. बारामती तालुक्यातील माळेगाव येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था कार्यरत आहे. उष्णता, दुष्काळ अशा ताणांचा पिके व पशुधन यांवरील परिणाम हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टमार्फत चालवले जाते.

## लसीकरण

महाराष्ट्र शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था पुण्यातील औंध येथे असून ती राणीखेत रोगाची लस तयार करते. बारामती पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे व इंदापूर त्याहूनही दूर आहे. एवढ्या प्रवासात व नंतर गावपातळीवर लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते.

सर्वसाधारण वेळापत्रकानुसार पिलांना ५ ते ७ व्या दिवशी लासोटा किंवा एफ वाणाची लस डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात आणि सुमारे चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा पिण्याच्या पाण्यातून देतात. अंड्यांवरील व गावरान पक्ष्यांना आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस टोचतात. आर-टू-बी हा मध्यम प्रकारचा वाण असून त्याच्या एफ प्रथिनाची कापणीची जागा तीव्र वाणासारखी असते. म्हणूनच ती लहान पिलांना देत नाहीत.

लस देताना घेतल्या जाणाऱ्या काळज्यांमागे आवरण-प्रथिनांचे विज्ञान आहे. क्लोरिनमुळे विषाणूचे आवरण व प्रथिने निकामी होतात. म्हणून लशीसाठी क्लोरिनविरहित पाणी वापरतात व त्यात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळतात. पिलाला आईकडून अंड्यातील बलकावाटे मिळालेली प्रतिपिंडे एचएन व एफ यांना झाकून टाकतात आणि लसीचा विषाणू पेशीत शिरण्यापूर्वीच निष्प्रभ होतो. त्यामुळे लसीचा दिवस निवडताना ही प्रतिपिंडे किती उरली आहेत, हे पाहावे लागते. मृत विषाणूंपासून बनवलेल्या लसीत प्रथिने असतात, पण विषाणूची वाढ होत नाही. तिच्यामुळे पेशी मरत नाहीत व रक्तातील प्रतिपिंडे चांगली वाढतात. मात्र ती प्रत्येक पक्ष्याला टोचावी लागते आणि श्वसनमार्गातील स्थानिक संरक्षण तिने कमी मिळते.

परसातील कोंबड्यांसाठी शीतसाखळी टिकवणे कठीण असते. त्यासाठी आय-२ व व्ही-४ हे उष्णतेत अधिक काळ टिकणारे सौम्य वाण ऑस्ट्रेलियात विकसित झाले. उष्णता सहन करण्याच्या गुणात एचएन प्रथिनाचा मोठा वाटा असल्याचे दिसून आले आहे.

## निदान

राणीखेत रोग व तीव्र बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की केवळ पाहून निदान करता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या तेव्हा प्रारंभी राणीखेत रोगाचाच संशय घेतला गेला. भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेच्या तपासणीत तो एच-५-एन-१ बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले. भारतातील कोंबड्यांमध्ये हा विषाणू आढळल्याची ती पहिलीच नोंद होती.

प्रयोगशाळेत नमुना ९ ते ११ दिवसांच्या गर्भयुक्त अंड्यांत वाढवतात व तांबड्या रक्तपेशींच्या चाचणीने विषाणू ओळखतात. बर्ड फ्लूचा विषाणूही रक्तपेशींना जोडतो. त्यामुळे राणीखेत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मिसळल्यावर ही क्रिया थांबते का, हे तपासावे लागते. एफ जनुकातील कापणीच्या जागेचा क्रम वाचल्यास सापडलेला विषाणू लसीचा आहे की रोगाचा, हेही कळते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत या रोगाचा समावेश आहे. संशयित मरतुकीची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे त्यामुळे आवश्यक ठरते.

## इतर विषाणूंशी तुलना

आवरण-प्रथिनांमुळे पेशीमृत्यू घडणे हे केवळ राणीखेत विषाणूचे वैशिष्ट्य नाही. एचआयव्हीच्या आवरणावरील जीपी-१२० व जीपी-४१ ही प्रथिने सीडी-४ पेशींना एकमेकींशी जोडतात व त्यांच्यात मृत्यूची प्रक्रिया सुरू करतात. ज्या पेशींत विषाणू शिरलेला नाही, अशा शेजारच्या पेशीही त्यामुळे मरू शकतात. या विषाणूच्या अभ्यासासाठी १९९२ मध्ये पुण्यातील भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. इन्फ्लूएंझा विषाणूचे न्यूरामिनिडेज हे प्रथिन एचएनप्रमाणेच सायॅलिक आम्ल तोडते आणि पेशीतील एका वृद्धिघटकाला सक्रिय करून पेशीमृत्यूस हातभार लावते. तीव्र बर्ड फ्लूच्या विषाणूतील हिमॅग्लुटिनिन प्रथिनाची कापणीची जागाही राणीखेत विषाणूच्या एफ प्रथिनाप्रमाणे फ्युरिनला कापता येते.

## वैद्यकीय उपयोग

कर्करोगाच्या अनेक पेशींत इंटरफेरॉनची यंत्रणा दुबळी असते. निरोगी मानवी पेशी राणीखेत विषाणूला लवकर रोखतात, पण कर्करोगाच्या पेशीत तो वाढतो व तिला नियोजित मृत्यूकडे नेतो. या गुणामुळे कर्करोगावरील उपचारासाठी त्याच्या चाचण्या अनेक वर्षे सुरू आहेत. मात्र तो अद्याप सर्वमान्य उपचार झालेला नाही. या विषाणूच्या सौम्य वाणात दुसऱ्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक घालून जोडलस तयार करण्याचे तंत्रही विकसित झाले आहे. बर्ड फ्लू व राणीखेत या दोन्ही रोगांपासून कोंबड्यांना संरक्षण देणाऱ्या लशी अशा रीतीने बनवण्यात आल्या आहेत.